कडकवहिनींचा विरघळणारा तुकडा

लाँड्रीवाल्या वहिनींना सगळी गल्ली कडकवहिनी म्हणायची. त्यांच्या हातची कॉलर मानेला कापायची, आणि त्यांची जीभ कॉलरला मागे टाकायची. आयुष्य इस्त्रीच्या टेबलाशी उभ्यानं गेलेलं. बसलेली बाई त्यांच्या लेखी एकतर आजारी, नाहीतर दुसऱ्याच्या घरचं उकरायला आलेली.

अशा बाईच्या गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडावरच्या गुळगुळीत अस्तराला, खड्डा पडला. डॉक्टरीणबाईंनी तो साफ करून त्यात स्पंजासारखा एक इवलासा जाळीदार तुकडा बसवला. हा तुकडा पुढे सावकाश विरघळून जाणार, हे ऐकल्यावर वहिनींचं तोंड बघण्यासारखं झालं. साधी बादली घेतानाही तळ ठोकून पाहणारी बाई ती. शेजारच्या शिंपीणबाईंनी तर गल्लीभर करून टाकलं, की वहिनींच्या पायात कच्चा माल भरलाय.

पहिले काही आठवडे पायावर भार द्यायचा नव्हता. तो वहिनींनी दिला नाही, त्याचं कौतुकही झालं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हळूहळू पाय टेका. वहिनींनी मान हलवली आणि पाय काही टेकला नाही. कुबड्यांवर टुकटुक करत दुकानात यायच्या आणि खुर्चीत बसून नवऱ्याच्या इस्त्रीतल्या चुका काढायच्या. नवरा बिचारा जन्मभर कपडे पोचवणारा. बाहीवर एक घडी पाडायला जायचा आणि दोन पडायच्या. राणीसाहेबांना बसून हुकूम सोडायची चटक लागली, असं गल्लीचं मत पडलं. शिंपीणबाई हे सांगताना दर वेळी आवाज खाली आणायच्या, त्यामुळे बातमी फार लांबवर गेली.

खरी गोष्ट बाहेर आली ती न्हाणीघराच्या दारात. साबण संपला म्हणून नवरा नवी वडी द्यायला गेला, तर टाके कधीच सुकलेल्या गुडघ्याभोवती वहिनींनी प्लास्टिकची पिशवी गुंडाळून दोरीनं आवळलेली.

"हे काय?"

"विरघळेल ना तो," वहिनी भिंतीकडे बघत म्हणाल्या.

जन्म इस्त्रीइतकाच धुण्याच्या पाण्यात हात घालून गेलेली बाई. पाण्यात काय काय विरतं हे तिच्याइतकं कुणी पाहिलं होतं? साबण, नीळ, खळ, कच्चे रंग. हा तुकडा भिजला की वाहून जाणार, भार पडला की चुरडणार, आणि मग टेबलाशी उभं राहणं कायमचं संपणार, या धास्तीनं कडकवहिनी आतून पार मऊ पडल्या होत्या.

नवरा हसला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यानं तेवढी अक्कल कमावली होती. त्यानं पिशवी काढली नाही. गाठ मांडीला काचत होती ती जरा सैल केली, साबण हातात ठेवला, आणि दुपारी वहिनींना घेऊन दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. आंघोळीचा आणि त्या तुकड्याचा काही संबंध नाही, असं आधी सांगितलं. मग म्हणाल्या, "तो विरतो तुमच्या अंगातल्याच ओलाव्यानं, अगदी सावकाश. त्याच्या जाळीत तुमचं स्वतःचं अस्तर भरत जातं, तसतसा तो जागा सोडतो. पण पायावर भारच आला नाही, तर तुमचं अस्तर नीट धरणार नाही. तो त्याच्या वेळेला जाईल, आणि मागे खड्डा तसाच राहील."

वहिनींनी गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सासूबाईंसारखं."

सुनेच्या तोंडून सासूचं नाव निघालं की ऐकणाऱ्यानं जरा जपूनच बसावं. डॉक्टरीणबाई सावरून बसल्या. पण निघालं ते भलतंच. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना इस्त्री धड धरताही येत नव्हती. सासूबाई खांद्याला खांदा लावून टेबलाशी उभ्या राहायच्या. मग त्या टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. मग दारातल्या स्टुलावर. मग कापड करपल्याचा वास आला की आतल्या खोलीतून नुसत्या खोकायच्या. पुढे तेही थांबलं. नक्की कधी, ते वहिनींना सांगता येईना. एक दिवस गिऱ्हाईकानं 'मालकीणबाई' अशी हाक मारली म्हणून त्यांनी वळून पाहिलं, तर मागे कुणीच नव्हतं.

आईची ही हकिगत ऐकता ऐकता नवऱ्याला खिडकीबाहेरचं काहीतरी फार महत्त्वाचं दिसायला लागलं.

"त्या शेजारी होत्या तोवर मी हात चालवला, म्हणून निभावलं," वहिनी म्हणाल्या. "नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसले असते, तर काय झालं असतं?"

त्या उठल्या आणि कुबड्या भिंतीला टेकवल्या. नवऱ्यानं दोन्ही हात पुढे केले. या दोघांनी चारचौघांत एकमेकांचा हात धरलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. शिंपीणबाईंनीही नाही, आणि त्यांच्या नजरेतून सुटलं म्हणजे ते घडलंच नाही. वहिनींनी ते हात धरले. आधी टाच टेकली, मग तळवा, मग जरासा भार, मग आणखी जरासा.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"थोडं. तुम्ही असे पुढ्यात उभे राहिलात तर मी येऊ कुठे? सरा मागे."

तो एक पाऊल मागे सरला. वहिनी एक पाऊल पुढे आल्या.