केसभर लांब

पंच्याहत्तर सालाच्या आसपास आमचं भूमितीचं संशोधन-त्रैमासिक सांगलीतल्या एका छापखान्यात छापलं जायचं. संपादनाचं काम माझ्याकडं होतं. तिथला खिळे जुळवणारा सातवी शिकलेला. पण प्रूफ निघालं की कागद डोळ्यापाशी आडवा धरून आधी आकृत्या बघायचा.

एकदा त्यानं चालू छपाई थांबवली.

"सर, ही रेघ गोलाला टेकती असं लिवलंय. पर ती त्याच्यापासनं केसभर लांब हाय. आकृतीचा ब्लॉक नवा करून आणा."

अंकाला आधीच उशीर झाला होता. मी भडकलो. "अहो, हे वाचणारे सगळे मिळून वीस जण. छापा तसंच!"

त्यानं ब्लॉक काढून सरळ खिशात घातला आणि माझ्याकडं रोखून बघितलं.

"मग त्या वीस जणांनी आपलं काय घोडं मारलंय?"