क्लॅरिनेटवाल्याचे दोन सूर

माझ्या लग्नाची वरात अकोल्यात निघाली, तेव्हा बँडमधला क्लॅरिनेटवाला गाल फुगवून इतक्या घाईत वाजवत सुटला, की ढोलवाला धावला, घोडा धावला आणि घोड्यावरचा मीही. मांडवात पोचलो तेव्हा नवरीची वेणीसुद्धा झाली नव्हती.

"काहून बापा, एवढी घाई कोनाले?" सासरे ओरडले.

"मले!" तो हसत म्हणाला. शेवटी बँडमास्तरनं क्लॅरिनेट काढून घेतलं, तर गडी तोंडानंच वाजवू लागला.

चार महिन्यांनी बाळापुरात तो घराच्या ओट्यावर दिसला. दाढी वाढलेली, क्लॅरिनेट मांडीवर, नजर जमिनीवर. मी विचारलं, "आता वाजवत नाही?"

उत्तर त्याच्या बायकोनं दारातून दिलं. "यांचं असंच हाये, भाऊ. मन चढलं का रातदिस वाजवतेत, उतरलं का महिनामहिना फुंकर नाही. डाक्टरच्या आधी मले समजते."

त्यानं क्लॅरिनेट उचललं. एक सूर काढला, बऱ्याच वेळानं दुसरा काढला आणि दमून खाली ठेवलं.

"दोन वाजले," तो म्हणाला.

मी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"सूर म्हनतो मी," तो किंचित हसला. "काल एकच वाजला होता."