थीटा, रो, अल्फा

लुसी दोहातल्या अबू हमूर भागात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. पेशंटचा एक्सरे निघेपर्यंत त्याच्या घरातली सगळी भांडणं तिला कळलेली असतात. कुणाच्याही पोटातलं काढून घेण्यात या वसईकरणीचा हात धरणारं अख्ख्या शहरात कुणी नाही.

आणि तिच्याच लेकीनं तिला चितपट केलं! ॲश्लिन अमेरिकेतल्या कॉलेजातून सुट्टीला आली ती तीन ग्रीक अक्षरांचा टी-शर्ट घालून. थीटा, रो, अल्फा. तिकडे मुलींची मंडळं असतात, त्यांना सोरोरिटी म्हणतात; त्यातल्या एकीत ती दाखल झाली होती. ही अक्षरं एका ग्रीक वाक्यातल्या शब्दांची आद्याक्षरं, आणि ते वाक्य फक्त शपथ घेतलेल्या मुलींनाच सांगतात.

अल्फा लुसीच्या ओळखीचा होता, ईस्टरच्या मोठ्या मेणबत्तीवरचा. बाकीची दोन मात्र तिला चैन पडू देईनात.

"सांग की गं, मी काय परकी?"

"मम्मा, आय कान्ट. आय प्रॉमिस्ड."

लुसीला ते फार लागलं. लहानपणी या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नसे. बापाची सरप्राइज पार्टी तिनं त्याला गाडीतच सांगून टाकली होती. म्हणून तर लुसीच्या सासूनं बजावलं होतं, बॉटल मसाल्याचं माप हिला सांगू नकोस. वसईत घरोघरी हा मसाला वेगळा, आणि भरवसा असेल त्याच लेकीसुनेला माप कळतं. शेजारची नाशिकची नमिता केव्हाची मागे लागलीय. तिला वाटीभर मसाला मिळतो, माप नाही.

ॲश्लिनलाही ते माप हवंच होतं, तिकडच्या फिक्क्या जेवणाला ती पार विटली होती. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा आटोपून घरी आल्यावर लुसीनं शेवटचा डाव टाकला.

"तू अर्थ सांग, मी माप सांगते. खलास!"

चहाला आलेल्या नमितानं कप खाली ठेवला आणि कान टवकारले.

ॲश्लिन डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "नो, मम्मा. देन आय डोन्ट वॉन्ट इट."

लुसी एकदम खदखदून हसायलाच लागली. आनंद तिच्या पोटात मावेना. तिनं लेकीचा हात धरून तिला स्वयंपाकघरात नेलं.

"नमिता, तू हॉलमध्येच बस हं," दार लावता लावता ती म्हणाली, "मला माझ्या लेकीला काहीतरी सांगायचंय."