इनॉक बेब आणि बुरुजावरची वेल

आमच्या हॅथरलीत किल्ल्याचा दगड नाही असं एकही घर सापडायचं नाही. माझ्या चहाच्या दुकानाची पायरी तिथलीच. पाद्रीबाबांच्या डुकरांना तर चांगली कमानदार खिडकी आहे. किल्ला पडला तेव्हा आमच्या पूर्वजांनी हाताला लागेल ते ढापलं, आणि आम्हाला त्याची काडीइतकी लाज नाही. लाज वाटायची ती एकट्या इनॉक बेबला.

इनॉक किल्ल्याचा राखणदार. डोक्यावर सरकारी टोपी. काम म्हणजे गवत कापायचं, तिकिटं फाडायची, दगड उचलायला आलेल्यांना पिटाळायचं आणि पाहुण्यांना इतिहास सांगायचा. किल्ल्याच्या दरवाजालगत पुरातत्त्व खात्यानेच दिलेल्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको डॉर्कस राहत. डॉर्कस संधिवाताने सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. इनॉकची नोकरी एकोणतीस वर्षांची झाली होती.

त्याचा इतिहास समोरच्या दुकानात बसून मलाही पाठ झाला होता. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडचा राजा आणि संसद यांच्यात जुंपली, तेव्हा इथल्या बाईसाहेबांनी अकरा आठवडे किल्ला लढवला. घोडे खाऊन संपले, मग कातडी पट्टे उकडले, आणि मग त्या शरण आल्या. पुन्हा कुणी आत ठाण मांडू नये म्हणून संसदेने किल्ला पाडायचा हुकूम काढला. सुरुंग कुठे लावायचे ते दाखवायला गावचाच गवंडी धरून आणला, राल्फ टॅनर. ज्या भिंती त्याने जन्मभर डागडुजी करून उभ्या ठेवल्या, त्यांच्याच वर्मावर त्याने बोट ठेवलं. सगळं कोसळलं. सुरुंगाची दारू संपली म्हणून उत्तरेचा बुरूज तेवढा वाचला.

इथे इनॉक थांबायचा, टोपी मागे सारायचा आणि म्हणायचा, "नाही म्हणायला काय जीभ झडली होती मेल्याची?"

लोक खो खो हसायचे. मीही हसायचे.

मग खात्यात लेसी नावाचे नवे साहेब आले. पायात कोरे करकरीत बूट. त्यांनी बुरुजावर चढलेली आयव्हीची वेल पाहिली, मांडीएवढ्या जाड बुंध्याची, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बेब, ही वेल तोडा. वेली भिंती खातात. लोकांना स्वच्छ दगड दिसला पाहिजे."

"साहेब, खातात हे खरं. पण इथे आतल्या चुन्याचं केव्हाच पीठ झालंय. ही वेलच बुरूज धरून बसलीय. आधी भिंतीत चुना भरून घेऊ, मग खुशाल तोडू."

"तुम्ही गवत फार छान कापता, बेब," साहेब म्हणाले आणि गाडीत बसले.

इनॉकने दोन पत्रं लिहिली. दुसरं माझ्याच दुकानात बसून लिहिलं, जीभ बाहेर काढून, तीन कागद फाडून. उत्तर चार ओळींचं आलं: नियम सगळ्या किल्ल्यांना एकच आहे. महिनाअखेर वेल तोडली नाही तर दुसरा राखणदार नेमू. म्हणजे खोल्याही त्याच्याच.

"नाही म्हण त्यांना," मी म्हटलं.

"आणि डॉर्कसला कुठे नेऊ, हिल्डा? तुझ्या बनपावांच्या शेजारी निजवू?"

माझ्या दुकानावरची खोली तेव्हा रिकामी होती. मी ते बोलले नाही. आज बोलते, आता काय उपयोग.

त्याने एका सकाळी करवत घेतली आणि दुपारपर्यंत तो बुंधा कापत राहिला. दुकानात आला तेव्हा करवत त्याच्या हातातच होती; ती मी काढून घेतली आणि कप दिला.

बुरुजाला एक उभी भेग होती. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चुन्याने चिकटवून ठेवायची, भिंत सरकली की काच तडकते, अशी त्या खात्याची रीत. इनॉक रोज चहाआधी काच पाहून यायचा. पहिल्या हिवाळ्यात वेलीची पानं झडली आणि मार्चमध्ये काच तडकली. त्याने कळवलं. खात्याने नवी काच पाठवली. तीही गेली. दोन वर्षांत अकरा काचा आल्या, सगळ्या पेंढ्यात नीट गुंडाळून. काच मात्र उत्तम प्रतीची, त्याला नाव ठेवायला जागा नाही.

फेब्रुवारीत बर्फ वितळत होतं. मी बन भट्टीतून काढत होते आणि कपबशा खडखडल्या. धावत गेले तर बुरुजाच्या जागी नुसती धूळ, डोक्यावर कावळ्यांचा कल्लोळ आणि इनॉक हातात काच घेऊन उभा.

"बारावी आजच आली होती," तो म्हणाला.

दुपारपर्यंत गावकरी हातगाड्या घेऊन हजर. इनॉकने कुणालाच पिटाळलं नाही. मला त्याच्याकडे बघवेना. पुढे चौकशी झाली आणि बुरूज थंडीने पडला असं ठरलं.

ईस्टरला पाहुणे आले. इनॉकने सगळं सांगितलं, अकरा आठवडे, कातडी पट्टे, राल्फ टॅनर. आणि पुढे निघाला. दरवर्षी येणाऱ्या एक बाई होत्या, त्या मागून ओरडल्या, "अहो, तुमचं ते वाक्य राहिलं की! जीभ झडली होती का!"

इनॉकने टोपी काढून हातात धरली.

"'नाही' म्हणालाही असेल हो बाई," तो म्हणाला. "दोनदासुद्धा म्हणाला असेल. त्याची बायको आजारी होती का, ते कुणी लिहून ठेवलेलं नाही."