राणीचं दुखणं

"बोट ठेवून सांग."

सिस्टरांचं हे ठरलेलं वाक्य. बडोद्याच्या खंडेराव मार्केटातली भाजीवाली सहज "धंधामां मजा नथी, बेन" म्हणाली, तरी या पिशवी खाली ठेवून विचारणार, "म्हणजे नेमकं काय होतंय? बोट ठेवून सांग." बाजव्याकडच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात उभा जन्म नर्स म्हणून काढलेली बाई. निवृत्त झाल्या तरी त्यांच्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सख्खे दीरसुद्धा "सिस्टर, चहा टाकता का?" म्हणायचे.

आमच्या नाटकमंडळात त्या आल्या त्याही पेशंट शोधतच. तेव्हा घरोघर नुकती केबल आली होती आणि बडोद्यात मराठी नाटकाला माणसं जमवताना आमच्या नाकी नऊ येत होते. तशात आमच्या दिग्दर्शक सरांनी स्पर्धेसाठी ग्रीक शोकांतिका काढली. बँकेतला माणूस, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. ऑफिसं सुटल्यावर पोळजवळच्या एका शाळेत तालमी चालत. मी राणी. पहिल्याच दिवशी मी मरणाची किंकाळी फोडली आणि पाच मिनिटांत सिस्टर औषधांची पेटी घेऊन दारात हजर.

"कुणाला लागलंय?"

"कुणाला नाही हो, राणी मरतेय," सर म्हणाले.

सिस्टरांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "अशी? अशी तर आमच्याकडे रजेचं सर्टिफिकेट मागायला आलेली माणसं मरायची!"

दुसऱ्या दिवशी त्या प्रॉम्प्टरच्या खुर्चीत बसलेल्या होत्या. कुणी बसवलं ते आजतागायत कळलेलं नाही.

आता त्या ग्रीक नाटकांची एक गंमत सांगते. त्यांत बायका भोगतात फार. कुणाच्या अंगाला विषारी वस्त्र चिकटतं, कुणी गळफास घेते, कुणी पोटात सुरा खुपसून घेते. पण हे सगळं बहुतेक वेळा आत, महालात. मग एक दूत धापा टाकत बाहेर येतो आणि आत काय झालं ते पानंच्या पानं सांगतो. सरांना या रीतीचं भारी कौतुक. सिस्टरांना अजिबात नाही.

"आतलं याला काय कळलं?"

"अहो, त्याने पाहिलंय."

"दारातून पाहिलं असेल. बाळंतिणीच्या खोलीबाहेर येरझारा घालणारे मी ढिगाने पाहिलेत. त्यांना विचारा, कळा त्यांनाच आल्या होत्या!"

आमचा दूत रेल्वेत कारकून होता. तो बिचारा दोन दिवस रुसला.

मला मात्र त्या मन लावून शिकवायच्या. माझं 'आई गं, आई गं' त्यांनी पहिल्या आठवड्यातच बंद केलं. "खरं दुखायला लागलं ना, की माणूस श्वास धरतं. बोलत नाही. कशाला तरी घट्ट धरून ठेवतं." मी मान डोलवायची आणि पुन्हा तीच किंकाळी फोडायची. "हिला जन्मात कधी दुखलेलं नाही," म्हणून त्या कपाळाला हात लावायच्या.

आणि मला दर महिन्याला असं दुखायचं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. लग्नाआधीपासून नऊ वर्षं. आईला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. सगळ्यांचं उत्तर एकच, बायकांना होतंच. मलाही ते पटलेलं होतं. गोळी घ्यायची, पदर खोचायचा आणि कामाला लागायचं.

एका तालमीला मी नेमकी त्या दिवसांत होते. राणी शेवटचं आत जाते, त्या जागी पोटात अशी कळ आली की मी दाराची चौकट धरली. तोंडातून शब्द फुटेना. घामाने पोलकं भिजलं. "वा! वा!" सर ओरडले. "प्रयोगात अस्संच झालं पाहिजे!" मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

सिस्टरांनी संहिता जमिनीवर आपटली. "टाळ्या बंद करा! ही नाटक करत नाहीये."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षा घेऊन आमच्या दारात. आमचे हेही बरोबर निघाले. डॉक्टरीणबाईंनी ह्यांच्याकडे बघत विचारलं, "शुं तकलीफ छे?" हे म्हणाले, "खास कंई नथी, जरा कमजोरी छे."

"जावईबापू," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही दूत आहात का? तिला बोलू द्या."

मग मी बोलले. नऊ वर्षांचं सगळं बोलले. हे शेजारी बसून ऐकत होते, आणि त्यांचं तोंड इतकंसं झालं. तपासणीत बीजकोशावर मोसंब्याएवढी गाठ निघाली. तिला पीळ बसला तर जिवावर बेतेल, ऑपरेशन लगेच करा, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. स्पर्धा अकरा दिवसांवर होती.

"नंतर नाही का चालणार?" असं सरांनी विचारलं, हे मी समजू शकते. पण खरं सांगते, तेच मीही विचारलं! राणी हातची जाऊ द्यायची नव्हती मला.

"राणीला दर प्रयोगाला मरता येतं," सिस्टर म्हणाल्या. "तुला येईल का?"

स्पर्धेच्या दिवशी त्या माझ्यापाशी दवाखान्यात होत्या. तिकडे प्रॉम्प्टरविना दूत मधेच अडकला, आणि सरांच्या बहिणीने घाईघाईत पाठ केलेली राणी अर्धवट मेलेली तशीच राहिली. आमचा नंबर शेवटून पहिला. सर सिस्टरांशी वर्षभर बोलले नाहीत. त्यांचं सरांवाचून काही अडलं नाही.

पुढे चार वर्षांनी त्या गेल्या. मी ह्यांच्या बदलीमुळे अहमदाबादला होते, तेराव्यालाच पोचले. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. त्यात त्या इतक्या गप्प बसलेल्या, की मला ओळखीच्याच वाटेनात.

माझ्या आठवणीतल्या सिस्टर माझ्या ऑपरेशनच्या वेळच्या, दवाखान्यातल्या. भूल उतरली तेव्हा टाक्यांनी जीव नकोसा झाला होता. सवयीने मी दात आवळले, चादर मुठीत धरली. त्यांनी माझी मूठ सोडवून त्यात आपला हात दिला.

"आता कशाला गप्प? ओरड."

मी ओरडले. सगळा वॉर्ड जागा होईल अशी, लाज सोडून, लहान पोरीसारखी. कॉरिडॉरमधून एक नर्स धावत आली, "शुं थयुं?" विचारत. सिस्टरांनी दुसऱ्या हाताने तिला दारातच थांबवलं.

"कंई नथी थयुं, बेटा. तिला दुखतंय. तिला ओरडू दे."