चिरा दिलेलं पापलेट

पन्नासाव्या वाढदिवसाला लेकीने माझं नाव बोरिवलीतल्या चित्रकलेच्या क्लासात घातलं. त्याआधी पेटी आणि योगासनं मी अर्धवट सोडलेली. पेटीवर हल्ली इस्त्रीचे कपडे असतात. "आई, हे तरी पूर्ण कर हं," लेक म्हणाली. नवऱ्याने मात्र ड्रॉइंग बोर्डासाठी माळ्यावर जागा करून ठेवली.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाचं एक चित्र भिंतीवर लागणार होतं. सर म्हणाले, "अगदी ओळखीची वस्तू काढा." मी म्हटलं, झकास! पंचवीस वर्षं पापलेट आणतेय, डोळे मिटून काढीन. आणि तसंच काढलं.

लेकीच्या वयाचे सर बराच वेळ बघत राहिले. "काकू, या तीन रेघा कसल्या?"

मसाला मुरावा म्हणून देतो त्या चिरा! शिवाय पंख छाटलेले. वर्ग खो-खो हसला. घरी नवरा म्हणाला, "रवा लावायचा राहिला का गं?"

बोर्ड मीच माळ्यावर टाकला. पण लेकीचा रोज फोन, "कुठवर आलं?" आणि माझं, "चाललंय गं."

रविवारी बाजारात मनोरीहून येणाऱ्या माझ्या नेहमीच्या कोळणीला मोबाइलवर चित्र दाखवलं.

"ताई, याला डोळा कुठं हाय?"

डोळा काढायचाच राहिला होता!

"माझ्याकडं ताजा हाय का म्हणून माशाचा डोळा दाबून बघता, कल्ला उघडून भांडता, नि कागदावर आंधळा मासा? उद्या या. बसा माझ्या बाजूला, नि बघा."

दुसऱ्या दिवशी बोर्ड नवऱ्यानेच उतरवून दिला, तोही टोमणा न मारता. कोळणीशेजारी उलट्या क्रेटवर बसले. पापलेट नुसतं चंदेरी नसतं, पाठीवर निळसर राखाडी असतं. तोंड एवढंसं, आमटी अळणी झाल्यावर आमच्या ह्यांचं होतं तसं. मध्येच मान वर केली की समोर बायका नाक मुरडून मासे चिवडताना दिसायच्या. म्हणजे इतकी वर्षं तिला मी अशी दिसत होते तर! पुढचा अर्धा तास मान वर करायची हिंमत झाली नाही, त्यामुळे बारीक खवले मात्र छान जमले.

काढून झाल्यावर कोळीण कागदावर वाकली आणि सवयीने तिचं ओलं बोट थेट कल्ल्यावर गेलं.

"ताजं हाय," ती म्हणाली.

चित्र भिंतीवर लावताना सर म्हणाले, "काकू, हा डाग खोडू या का?"

"हात लावू नका," मी म्हटलं आणि डागासकट फोटो काढून लेकीला पाठवला.