बयनाबाईचा पुठ्ठा

आमच्या गावात ट्रॅक्टर बारा हायेत, पण पलटी नांगराचे तेलाचे पाइप ट्रॅक्टरले जोडायचे म्हटलं की सारे बयनाबाईले हाक मारतात. पन्नाशीची बाई, लुगडं वर खोचलेलं, कमरेले एक धुतलेलं फडकं. पाइपाचं तोंड त्या फडक्यानंच पुसायचं. मातीचा कण आत गेला की पंपाचं वाटोळं. एका पाइपाले हळद, दुसऱ्याले कुंकू. ट्रॅक्टरच्या तोंडालेबी तसंच. हळदीत हळद, कुंकवात कुंकू, म्हणजे उलटसुलट होत नाही.

मले हे नखरेच वाटत. "बाईच्या हातानं काय नांगर चालते?" उचलली जीभ लावली टाळ्याले! माझ्या डाव्या हाताची तीन बोटं कडबा कटरमधी गेली, उजवा तेवढा धड. सारा संसार त्याच्यावर. तरी मिजास जात नव्हती.

कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या. नांगर सकाळपासून उन्हात, पाइप काही केल्या बसेना. मी हातोडी घेतली, हाणले ठोके, बसवला. ट्रॅक्टर चालू करून लिव्हर ओढला, तर पाइपाजवळ तेलाचं धुकं उडाया लागलं. कुठून गळून राह्यलं, म्हणून मी उजवा तळवा पुढं केला.

सपकन मनगटावर काठी बसली. बयनाबाई! शेजारच्या वावरातून मधला बांध, धुरा ओलांडून धावत आली होती.

"मारोतराव, हात मागं घ्या!"

मी शिवी हासडली. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा काठीच्या टोकाले खोचून त्या धुक्यात धरला. बापरे! पुठ्ठ्याले आरपार भोक.

तिनं ट्रॅक्टर बंद केला. म्हणाली, "माह्या भावाच्या हातात असंच तेल घुसलं होतं. काटा टोचल्यावानी, दुखलंबी नाही. तिसऱ्या दिशी हात काळा पडला. कोपरापासून कापला."

मी उजवा तळवा उलटून-पालटून पाह्यला. मी धुऱ्यावर बसलो.

तिनं नांगर खाली टेकवला, आतला दाब सोडायले लिव्हर मागं-पुढं केला, फुटका पाइप काढून आपल्या घरचा आणून नांगराले लावला. नांगराच्या नळ्यांवर ओलं पोतं टाकलं. "उनानं आतलं तेल फुगते. थंड होऊ द्या, मग ऐकते." थोड्या वेळानं फडक्यानं पाइपाचं तोंड पुसलं, ट्रॅक्टरच्या तोंडात नुसत्या तळव्यानं दाबलं. टक्! मी हातोडीनं झगडलो ते तिनं पोरीची वेणी घालावी तसं केलं. मी पाहातच राह्यलो.

दुपारी धुऱ्यावर भाकरीची शिदोरी सोडली. उजव्या हातानं घास मोडला अन् मले एकदम रडू आलं.

"काऊन रडता?" बयनाबाई म्हणाली. "हात जागेवर हाय ना? जेवा मंग."